‘किती पडतील?’चे १,४९९ रुपये

आधी हिशोब सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. सीए इंटर (सीएच्या परीक्षांचा मधला टप्पा), तीन पेपरांचा पहिला ग्रुप, सप्टेंबरचा अटेंप्ट. पेपर संपल्यावर मार्कांचा अंदाज काढून देणाऱ्या एका सर्व्हिसला मी १,४९९ रुपये दिले. त्यांचा अंदाज होता अकाउंट्स ५८ ते ६४, लॉ ५२ ते ५७, टॅक्स ५५ ते ६०. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात निकाल लागला: ४७, ५१, ४४. बेरीज १४२. प्रत्येक पेपरात ४० हवेत, ते होते. ग्रुपमध्ये ३०० पैकी १५० हवेत, ते नव्हते. आठ मार्कांनी गेला.

सर्व्हिसचं नाव लिहीत नाही. त्यांनी मला फसवलं असं माझं म्हणणं नाही, आणि नाव लिहिलं की लोक बाकी काही वाचत नाहीत, फक्त ‘ते का? बरं झालं’ म्हणतात. पुण्यातल्या एका क्लासची ही जोडसेवा आहे एवढं पुरे. असलं काही घ्यावं का, या विचारात असलेल्यांसाठी हे लिहितेय.

मी मूळची कराडची. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते, एका खोलीत तिघी. दुसरा ग्रुप मे महिन्यात निघाला होता, त्यामुळे पहिला निघाला की आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची दोन वर्षांची उमेदवारी, सुरू. नव्या स्कीममध्ये दोन्ही ग्रुप झाल्याशिवाय आर्टिकलशिप नाही, म्हणजे या एका ग्रुपवर दोन वर्षांचं गणित अडून बसलं होतं. पप्पांचं कराडला खता-औषधांचं दुकान आहे. दर रविवारी फोन. पहिला प्रश्न जेवलीस का, दुसरा किती पडतील. पहिल्याचं उत्तर मला येतं.

पेपर आणि निकाल यांच्यामधले दोन महिने कसे असतात हे ज्याने काढलेत त्याला सांगायला नको. अभ्यास करावा तर कशाचा? निघालो असू तर आर्टिकलशिपची तयारी, नसू तर तेच पुस्तक पुन्हा. दोन्हीकडे मन लागत नाही. पेपरच्या संध्याकाळी सगळे सर लोक यूट्यूबवर ‘पेपर कसा होता’चे व्हिडिओ टाकतात, खाली हजारभर पोरं ‘सोपा’, ‘लेंग्थी’, ‘रडू आलं’ लिहितात. त्यातून आपल्याला किती पडतील हे काही कळत नाही. म्हणूनच ही सर्व्हिस खपते. तिची जाहिरात एका ओळीची होती: ‘दोन महिने झुरू नका, दहा दिवसांत कळवतो.’

पद्धत अशी. शेवटच्या पेपरनंतर ७२ तासांत तुम्ही तिन्ही पेपर घरी बसून पुन्हा लिहायचे. परीक्षेत जसं लिहिलं होतं तसंच, चुकांसकट, सोडलेलं सोडलेलंच ठेवून. एमसीक्यूला, म्हणजे पर्यायी प्रश्नांना, कोणता पर्याय काळा केला होता ते आठवून वेगळ्या फॉर्मात भरायचं. स्कॅन करून व्हॉट्सॲपवर पाठवायचं. मग एक सीए ते तपासतात, लाल पेनने मार्क टाकलेली पीडीएफ येते, आणि शेवटी पंधरा मिनिटांचा फोन. रिपोर्टमध्ये प्रत्येक पेपरपुढे रंग असतो. चाळिसाच्या खाली लाल, साठाच्या आसपास हिरवा आणि त्यावर ‘एक्झम्प्शन झोन’. साठ किंवा जास्त पडले तर ग्रुप गेला तरी तो पेपर पुढच्या तीन अटेंप्टना द्यावा लागत नाही, त्यामुळे साठ हा आकडा आमच्यात देवासारखा. माझ्या अकाउंट्सला हिरवा आला होता, टॅक्सला फिका हिरवा. तो फिका रंग त्यांनी कुठून शोधला देव जाणे, पण मी त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता.

सर्व्हिस म्हणून बोलायचं तर कामात कसूर नाही. दहा दिवस म्हणाले, नवव्या दिवशी पीडीएफ आली. तपासणाऱ्या मॅडमनी उगाच बरोबर-चूक ठोकलेलं नाही. लॉच्या पेपरवर त्यांनी लिहिलं होतं की तू निष्कर्ष पहिल्या ओळीत टाकतेस; आधी तरतूद, मग दिलेल्या घटनेला ती कशी लागू होते ते, मग निष्कर्ष, या क्रमाने लिही. हे मला आजवर कुणी एवढं नीट सांगितलं नव्हतं. अकाउंट्समध्ये वर्किंग नोट्सना, म्हणजे उत्तरामागच्या आकडेमोडीला, नंबर न देण्याची माझी सवय त्यांनी पकडली. मुख्य उत्तरात ४,८०,००० लिहिलेत, ते कुठून आले हे तपासणाऱ्याने चार पानं उलटून शोधायचं का? बरोबर बोलल्या. फोनवर पंधराऐवजी पंचवीस मिनिटं दिली, मध्ये त्यांच्या मुलाला कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते विचारलं, तेव्हा तर मला त्या आपल्याच वाटल्या. या सगळ्याचे मी मनापासून पैसे देईन.

पण त्यांनी विकला होता आकडा, आणि आकडा चुकला. का चुकला ते कळायला मला आणखी १,५०० रुपये घालवावे लागले.

निकालानंतर तीस दिवसांच्या आत इन्स्टिट्यूटकडे, म्हणजे सीएची परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे, आपल्या तपासलेल्या उत्तरपत्रिकेची सर्टिफाइड कॉपी मागता येते. पेपरला ५०० रुपये. तीन पेपरचे १,५००, म्हणजे सर्व्हिसपेक्षा एक रुपया जास्त. आमच्यातले बरेच जण हे करत नाहीत. १०० रुपये पेपरप्रमाणे व्हेरिफिकेशनला टाकतात आणि मार्क वाढायची वाट बघत बसतात. व्हेरिफिकेशनमध्ये पेपर पुन्हा तपासत नाहीत. बेरीज नीट आहे का आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, एवढंच बघतात. फेरतपासणी हा प्रकार सीएच्या परीक्षेत नाहीच. त्यामुळे आठ मार्क मिळवायला म्हणून कॉपी मागवू नका. मी मागवली ती चिडून. हिरव्या पेपरला ४७ कसे पडतात ते मला बघायचं होतं.

स्कॅन केलेली पीडीएफ आली तेव्हा मी मेसवरून येऊन नुकतीच बसले होते. डाव्या बाजूला सर्व्हिसची पीडीएफ उघडली, उजव्या बाजूला ही. अक्षर एकच, प्रश्न तेच. आणि पेपर दोन वेगळे.

बायबॅकचा प्रश्न घेते, कारण तो समजायला सोपा आहे. कंपनी स्वतःचे जास्तीत जास्त किती शेअर परत विकत घेऊ शकते ते काढायचं असतं. त्याला तीन कसोट्या. पहिली, एकूण शेअरच्या २५ टक्के. दुसरी, भरणा झालेलं भांडवल अधिक मुक्त राखीव निधी यांच्या २५ टक्के रकमेत बायबॅकच्या भावाने किती शेअर बसतात ते. तिसरी, बायबॅकनंतर कर्ज हे इक्विटीच्या दुपटीपेक्षा जास्त होता कामा नये. तिघींत जो आकडा सगळ्यात लहान तो उत्तर. पहिल्या दोन तोंडी येण्यासारख्या आहेत. तिसरीत गोम अशी की बायबॅक केला की शेअरच्या दर्शनी किमतीएवढी रक्कम कॅपिटल रिडेम्प्शन रिझर्व्ह या वेगळ्या राखीव खात्यात न्यावी लागते, तेवढा मुक्त निधी कमी होतो, म्हणून एक्स आणि वायची दोन समीकरणं मांडून सोडवावी लागतात. पाच-सात मिनिटं जातात.

घरी लिहिलेल्या पेपरात मी ती समीकरणं मांडली होती, सोडवली होती, उत्तराला चौकट केली होती. मॅडमनी १० पैकी ९ दिले होते, शेजारी ‘छान’ म्हणून.

परीक्षेतल्या कॉपीत तिसऱ्या कसोटीचं फक्त शीर्षक आहे. खाली दोन रेघा मारलेली अधोरेखा, त्याखाली एक ओळ, कर्ज भागिले दोन. मग अर्धं पान कोरं. मग पानाच्या तळाशी एकदम निष्कर्ष, इंग्रजीत, ‘तिन्हींपैकी सर्वांत कमी’ आणि पुढे एक आकडा. तिसरा आकडा पानावर कुठेच नाही. मी दोनांतला कमी उचलून तिन्हींतला कमी म्हणून लिहिला होता. १० पैकी ४.

हे पान बघेपर्यंत मला हे आठवत नव्हतं. खरंच नव्हतं. सर्व्हिसला पेपर लिहून पाठवताना मी देवाशपथ प्रामाणिक होते. एक सोडलेला उपप्रश्न मी तिथेही सोडलेलाच ठेवला होता, मनाला लागलं तरी. पण या प्रश्नाबद्दल माझ्या डोक्यात चित्र होतं ते ‘बायबॅक आला होता, येत होता, लिहिला’ एवढंच. जागा सोडून पुढे गेले, नंतर येते म्हणाले आणि आलेच नाही, हे डोक्याने ठेवलंच नाही. घरी पंख्याखाली, चहा पीत, घड्याळ नसताना लिहायला बसले तेव्हा हाताने प्रश्न पूर्ण करून टाकला.

म्हणजे मॅडमनी पेपर बरोबरच तपासला. फक्त जो तपासला तो मी दिलेलाच नव्हता.

एकदा हे डोळ्यांत बसल्यावर बाकीचं भराभर दिसायला लागलं. टॅक्सच्या जीएसटी भागात इनपुट टॅक्स क्रेडिटची, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीच्या वजावटीची, यादी होती. खरेदीच्या प्रत्येक नोंदीपुढे क्रेडिट मिळतं की नाही ते लिहायचं, आणि कारण लिहायचं. शेवटची पंधरा मिनिटं राहिली होती. परीक्षेच्या कॉपीत माझी तक्त्याची दोनच कॉलम आहेत, रक्कम आणि ‘मिळेल / नाही’. घरच्या पेपरात तिसरी कॉलमही आहे आणि तीत कलम १७(५) खालची कारणं अगदी सुवाच्य अक्षरात. डायरेक्टरच्या गाडीचं क्रेडिट मिळत नाही हे मला येत होतंच. का मिळत नाही हेही येत होतं. पानावर नव्हतं. इन्कम टॅक्समध्ये एका बेरजेत मी एक आकडा उलटा लिहिला होता, ६३ चे ३६. घरी अर्थातच ६३ लिहिला. हाताची चूक आठवून पुन्हा कशी करणार?

एमसीक्यूची तर वेगळीच मजा. ३० मार्क एमसीक्यूला, ७० लेखीला. चुकल्याला मार्क कापत नाहीत, त्यामुळे सगळेच सगळं काळं करून येतात. अकाउंट्सला मी आठवून जे पर्याय दिले त्यावरून सर्व्हिसने २४ धरले होते. कॉपीत लेखीच्या मार्कांची बेरीज केली तर २९ येते. ४७ मधून २९ गेले, राहिले १८. दोन मार्कांचा एक धरला तर १५ पैकी ९ बरोबर. सर्व्हिसच्या हिशोबाने १२. मधले तीन कुठे गेले? बहुतेक ते तीन मी हॉलमध्येच चुकीचे काळे केले, बाहेर आल्यावर गेटवर पोरांनी ‘बी होतं ना?’ म्हटलं, मी ‘हो बी’ म्हटलं आणि त्या क्षणापासून मी बीच केलेला होता.

गंमत म्हणजे लॉचा अंदाज जवळपास बरोबर आला. ५२ ते ५७ म्हणाले, ५१ पडले. आता हा पेपर होता विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी. पुण्याबाहेरच्यांना सांगते, अनंत चतुर्दशीला सकाळी सुरू झालेली मिरवणूक दुसऱ्या दिवशीही चालूच असते. आम्ही सदाशिव पेठेत, म्हणजे लक्ष्मी रोड, कुमठेकर रोड, टिळक रोड या तिन्ही रस्त्यांच्या कचाट्यात. रात्रभर ढोल, त्यावर स्पीकरच्या भिंती. झोप तासभर असेल. सकाळी कंपनी कायद्याची उजळणी खिडक्या बंद करून, कानात कापूस घालून. दुपारी दोनचा पेपर, पावणेदोनला प्रश्नपत्रिका वाचायला देतात, सेंटर कोथरूडच्या अंगाला. रिक्षा पेठेत येणार नाही हे ठाऊक होतं. अकराला निघाले, हॉलतिकीट आणि पाण्याची बाटली घेऊन गर्दीतून वाट काढत अलका चौक, तिथून लकडी पुलावरून चालत डेक्कनला आणि मग रिक्षा. हॉलमध्ये पोचले तेव्हा कपाळाला कुणाचा तरी गुलाल होता.

त्या पेपरात मी काय लिहिलं हे मला घरी आल्यावर धड आठवतच नव्हतं. सर्व्हिसला पाठवताना मी ओळी-दोन ओळींची उत्तरं लिहिली, जिथे आठवलं नाही तिथे ‘काहीतरी लिहिलं होतं’ असं मराठीत खरडलं. मॅडमनी तिथे सरळ शून्य किंवा एक टाकला होता. आणि तोच अंदाज बरोबर निघाला! ज्या पेपराची मला आठवण नव्हती, त्यात सुधारणाही करता आली नाही. तेव्हा घेणारच असाल तर आदल्या रात्री झोपू नका, असा सल्ला द्यावासा वाटतो.

आमच्या खोलीतली लातूरची मुलगी याच ग्रुपला बसली होती. तिने कुणाला एक रुपया दिला नाही. तिची रीत अशी: पेपरहून आली की हात-पाय धुवायच्याही आधी प्रश्नपत्रिका काढून लेखी प्रश्नांपुढे पेन्सिलीने तीनच शब्द लिहायचे, ‘पूर्ण’, ‘अर्धं’, ‘सोडलं’. बरोबर आलं की चूक याचा विचारच नाही. मग पूर्णला साठ टक्के, अर्ध्याला पंचवीस टक्के, सोडलेल्याला भोपळा. एमसीक्यूला तिन्ही पेपरांत सरसकट १६. ‘मला काय, मी हात राखूनच धरते,’ म्हणायची. तिचा अंदाज होता १५३, पडले १५६. निघाली. मी तिला तेव्हा हिरव्या रंगाचा स्क्रीनशॉट दाखवला होता आणि ती ‘भारीच की गं’ म्हणाली होती. आता आठवलं की कानशिलं तापतात.

तिच्यात आणि माझ्यात फरक एवढाच की तिने आपण किती लिहिलं ते मोजलं आणि मी आपल्याला किती येतं ते. अकाउंट्सवाल्यांना हे सांगायला लाज वाटली पाहिजे. प्रुडन्स आम्ही पहिल्याच अकाउंटिंग स्टँडर्डमध्ये शिकतो, न मिळालेला नफा धरायचा नाही, दिसणाऱ्या तोट्याची मात्र तरतूद करायची. मी न मिळालेले २३ मार्क पुस्तकात धरून मोकळी.

आणि नुसते धरून थांबले नाही. रिपोर्ट आल्यावर त्या जोरावर मी आर्टिकलशिपसाठी टिळक रोडच्या एका सीए ऑफिसात जाऊन आले. तिथल्या सरांनी विचारलं, निघेल का? मी म्हटलं, निघेल सर, १६५ च्या खाली नाही. त्यांनी डायरीत माझं नाव लिहून घेतलं. निकालाच्या संध्याकाळी त्यांना फोन करायला मला अर्धा तास लागला. ते काही बोलले नाहीत, ‘ठीक आहे बेटा, जानेवारी’ एवढंच. डायरीतलं नाव खोडल्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला, असं मला वाटतं. नसेलही आला.

काही जण म्हणतील की सजेस्टेड आन्सर्स, म्हणजे नमुना उत्तरं, आहेत ना, त्यावरून स्वतःच तपासायचं. इन्स्टिट्यूटचं बोर्ड ऑफ स्टडीज ती काढतं, फुकट असतात, आणि अभ्यासाला सोनं आहे. पण त्यावरच लिहिलेलं असतं की ही उत्तरं म्हणजे उत्तरपत्रिका तपासण्याचा आधार नव्हे, विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी बोर्डाच्या शिक्षकांनी केलेली आहेत. कोणत्या पायरीला किती मार्क हे त्यात नसतं. परीक्षकांना दिलेल्या सूचना तर बाहेर येतच नाहीत. २०११ साली सुप्रीम कोर्टात यावर दोन निकाल झाले. ऑगस्टमध्ये सीबीएसईच्या प्रकरणात कोर्टाने सांगितलं की आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा परीक्षार्थीला माहिती अधिकारात हक्क आहे. पुढच्याच महिन्यात आमच्या इन्स्टिट्यूटच्या प्रकरणात सांगितलं की परीक्षकांना दिलेल्या सूचना गोपनीय राहतील. म्हणून आपल्या हातात पेपर येतो, किल्ली येत नाही. त्यामुळे कुठल्याही क्लासचा सीए, कितीही हुशार असला तरी, पायरीचे मार्क स्वतःच्या अंदाजाने देतो. सर्व्हिसच्या नियमांत हे बारीक अक्षरात होतं. मी पैसे भरल्यावर वाचलं.

तरी मी म्हणेन, माझ्या बाबतीत मॅडमचा हात सैल नव्हता. कॉपी आल्यावर मी एक उद्योग केला. जी उत्तरं दोन्हीकडे शब्दशः सारखी होती अशी नऊ शोधली आणि मार्क समोरासमोर मांडले. नऊ उत्तरांत मिळून फरक दोन मार्कांचा. दोन! म्हणजे तपासणी चोख होती, माल बदललेला होता. हेच मी सर्व्हिसला मेसेज करून कळवलं. त्यांचं उत्तर आलं की पेपर ‘जसाच्या तसा’ लिहिण्याची जबाबदारी विद्यार्थ्याची आहे, आणि जानेवारीसाठी जुन्या विद्यार्थ्यांना २० टक्के सूट आहे. जबाबदारीचं मान्य. सवलतीचं मात्र त्याच मेसेजमध्ये लिहायला नको होतं, एवढं भान ठेवा.

कुणी घ्यावी? ज्याला आकडा हवाय त्याने घेऊ नये. ज्याला आपलं लिखाण कुणीतरी जाणकाराने डोळ्यांखालून घालावं असं वाटतं त्याने घ्यावी, पण मग परीक्षेनंतर कशाला? परीक्षेच्या आधी, घड्याळ लावून सोडवलेला मॉक पेपर याच मॅडमना द्या. तेच पैसे, खरा माल. मी त्यांना तसं विचारलंही आहे. पेपरला ५०० म्हणाल्या. जानेवारीचा फॉर्म मी कॉपी यायच्या आधीच भरला होता, त्यामुळे डिसेंबरात दोन मॉक त्यांच्याकडेच जाणार आहेत.

आणि ज्याचा ग्रुप थोडक्यात गेलाय त्याने सर्टिफाइड कॉपीचे १,५०० आधी बाजूला काढावेत. त्या कॉपीत शेरा नाही, ‘छान’ नाही, रंग नाही, फोनवर कुणी पंचवीस मिनिटं बोलत नाही. बघायला जीव धजत नाही, मी पहिल्या दिवशी अकाउंट्सचं एकच पान बघून बंद केली होती. पण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळी मीच आहे.

पाचपैकी अडीच स्टार. दोन मॅडमना, अर्धा वेळेवर आल्याचा.

दिवाळी होऊन गेल्यावर एका रविवारी घरी गेले होते. पप्पा दुकान बंद करून रोकड मोजत होते. निकालाचं फोनवर बोलून झालं होतं, पण समोर बसून पहिल्यांदाच. म्हणाले, ‘त्या लोकांनी किती सांगितलेले?’

‘कमीत कमी एकशे पासष्ट.’

‘आणि आले एकशे बेचाळीस. मग तेवीस कुठं गेले?’ गल्ल्यात तेवीस रुपये कमी भरल्यावर विचारतात त्याच आवाजात.

मी मोबाइलवर कॉपी उघडून बायबॅकचं पान दाखवलं. त्यांना इंग्रजी बेताचं येतं. चष्मा वर करून, स्क्रीन जवळ नेऊन ते बराच वेळ ते पान बघत राहिले. वरची अधोरेखा, एक ओळ, मग ते अर्धं पान. त्यावर अंगठा ठेवून त्यांनी विचारलं,

‘ही जागा कुणासाठी ठेवलेलीस?’